डॉट गव्हचा बोर्ड

दोंडाईच्याच्या पितांबरनं मिरचीच्या दुकानावर नवा बोर्ड लावला आणि चौथ्या दिवशी त्याची झोप उडाली.

जळगावला नोकरी करणाऱ्या दिपमालानं, त्याच्या मुलीनं, दुकानाची वेबसाइट करून दिली होती. नावाच्या शेवटी होतं नुसतं ‘डॉट इन’. पितांबरला ते बोडकं वाटलं. सरकारी साइटींवर कसं ‘डॉट गव्ह डॉट इन’ असतं, वजनदार! बोर्डावर त्यानं परस्पर तेच रंगवून घेतलं.

साइट उघडत नाही म्हणून गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले, तेव्हा त्यानं मुलीला फोनवर विचारलं.

“आबा!” दिपमाला किंचाळलीच. “डॉट कॉम, डॉट इन कोणीही घेऊ शकतं. डॉट गव्ह फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. तुम्ही चक्क सरकार असल्याचं सांगताय. गुन्हा दाखल होईल!”

पितांबरनं बायकोला, बेबाबाईला, सांगितलं तर ती कपाळाला हात लावून बसली. “तुम्ही जेलमा जाशात, मंग दुकान कोन पाही?”

तो शिडी आणायला धावला, तोच समोर जीप थांबली. दारावर ‘महाराष्ट्र शासन’. पितांबरनं मिरचीचं रिकामं पोतं कसंबसं बोर्डावर फेकलं. ते अर्धंच अडकलं आणि नेमकं ‘गव्ह’ तेवढं उघडं राहिलं.

साहेब उतरले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले. पोत्यातली भुकटी उडून त्यांना शिंका आल्या, तशी पितांबरची उरलीसुरली आशाही गेली.

“मालक तुम्हीच?”

“हो साहेब. म्हणजे... दुकान बायकोच्या नावावर आहे.”

“अहो!” आतून बेबाबाई कडाडली.

साहेब जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्या कार्यालयाला हे ‘डॉट गव्ह’ पाहिजे म्हणून अर्ज करून दोन वर्षं झाली. रोज नवीन त्रुटी काढतात. तुम्हाला कसं मिळालं हो?”

खोटं बोलावं तर जेल, खरं बोलावं तरी जेल. शेवटी पितांबरनं हात जोडले.

“मिळालं नाही साहेब. नुसतं रंगवून घेतलंय. आत्ता पुसतो.”

साहेब जीपपर्यंत गेले, दार उघडलं, थबकले आणि परत आले.

“त्या पेंटरचा नंबर आहे का?”