शमुवेलबाबा आणि त्यांची अडकलेली पेन्शन

आमचे शेजारी शमुवेलबाबा बायकोला कधी साधी हाक मारत नसत. ओसरीवर उभे राहत, छाती भरून श्वास घेत आणि गर्जत, "मार्थाबाई शमुवेल, हाजीर हो!" एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याला मार्थामावशी पिठाच्या हातांनी बाहेर येत आणि म्हणत, "मेली नाई मी. बोला."

जन्म गेला यवतमाळच्या कोर्टात पक्षकारांची नावं पुकारण्यात. माणूस रिटायर झाला, गळा काही झाला नाही. मांजरालासुद्धा पुकारा! मी भिंतीपलीकडे वह्या तपासणारा मास्तर. माझं काय होत असेल ते मलाच ठाऊक.

नाताळ जवळ आला की त्या घरात नुसता कहर. भिंतींना चुना, सुना कढईपाशी, नातवंडं कागदी चांदणीला आणि चांदणी नातवंडांना चिकटलेली. या सगळ्याच्या मधोमध बाबांची खाट. कुणी म्हणालं, "बाबा, जराशीक सरका," की बाबा थेट मंत्र्यांवर घसरत.

"मी या खाटीवरून हाललो नाई, मास्तर. खालचं राज्यच बदलून राह्यलं! पयले नागपूर, मंग मुंबई, आता मुंबईच, पन नाव दुसरं. अन् हे मंत्री! मत मागाले माहं घर बरोब्बर सापडते. पेन्शन धाडाले सापडत नाई!"

यातला 'पेन्शन' हा शब्द तेवढा ते कुजबुजत. त्या गळ्यातून कुजबूजही निघते हे मला तेव्हाच कळलं.

कुजबुजण्याचं कारण होतं त्यांचा धाकटा भाऊ याकोब, राहणार बोरी अरब. याकोबभाऊ वेगळ्या विदर्भाचे कट्टर. मुंबईचं नवं मराठी राज्य झालं त्या दिवशी बाबांनी आळीभर पेढे वाटले, तर याकोबभाऊंनी आपला पेढा ताटलीत परत ठेवला. म्हणाले, "मुंबईवाले तुले विचारतीन का? पाह्यजो, तुही पेन्शनही अडकवतीन." बाबा म्हणाले, "नीघ माह्या घरातून." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आणि झालंही तसंच! पेन्शन अडकली. ट्रेझरीतले बाबू म्हणत कागद नागपूरला, नागपूरवाले म्हणत मुंबईला. बाबांनी अख्ख्या आळीला तंबी दिली, की ही बातमी बोरीला जाता कामा नये. घरात तेलाची ओढाताण झाली तरी चालेल, याकोब जिंकायला नको.

पण त्या घरात एक रीत होती. नाताळच्या करंज्यांचा पहिला घाणा याकोबभाऊंचा. त्यांचे वडील होते तेव्हापासूनची रीत. धाकट्याला करंजीचं भारी वेड. नाताळच्या आदल्या सकाळी माझ्यासमोरच मावशींनी पहिला घाणा काढला, झारा हातातच धरून विचारलं, "हा कोनाचा?"

बाबा खाटेवरून उठले. मग म्हणाले, "डब्यात भर. मास्तर, चाला बोरीले."

"मी कायले?"

"माह्या आवाजानं तो दार नाई उघडनार. तुम्ही हाक मारा."

हाक मारायची वेळच आली नाही. मोटारीची धूळ झटकत आम्ही पोचलो तेव्हा याकोबभाऊ अंगणातच खाटेवर बसले होते. त्यांनी भावाकडे पाहिलं, बस म्हणाले नाहीत. बाबांनी डबाही पुढे केला नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "तू म्हने तसंच झालं. माही पेन्शन मुंबईवाल्याईनं अडकवली."

मला वाटलं, आता हा गृहस्थ मिशीला पीळ देणार. पण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"कवापासून?"

"राज्य झालं तवापासून."

"अन् मले सांगतलं नाई? घर कसं चालवून राह्यला तू, दादा?"

याकोबभाऊंनी बाबांना हाताला धरून खाटेवर बसवलं. म्हणाले, "देतीन रे. मुंबईवाले काही इतके वाईट नाईत. नवं राज्य हाय, वेळ लागते."

"काय डोंबल देतीन!" बाबा कडाडले. "वेगळा विदर्भच पाह्यजे होता!"

"काही नको! मुंबईच बरी!" याकोबभाऊ त्याहून मोठ्यानं.

आणि बोलणं बंद असलेल्या त्या दोघा भावांची अशी काही जुंपली, की शेजारपाजार गोळा झाला. परतीची मोटार गेली. भांडता भांडता डबाही उघडला, आणि त्यात शेवटची करंजी उरली. ती एकमेकांच्या हातात कोंबताना दोघांचे डोळे भरले होते, पण बाजू सोडायला एकही तयार नव्हता.