आनंदाने तोडलेली सफरचंदं

जर्मनीत सुट्टी ही चैन नाही, ती जबाबदारी आहे. कायद्याने ती विश्रांतीसाठी दिलेली असते आणि विश्रांतीत हयगय केली तर नोकरीवर गदा येते, अशी वाल्डॉर्फमधल्या शार्दूल सावे या सॉफ्टवेअर इंजिनिअरची प्रामाणिक समजूत होती. घोलवडहून वडिलांचा, राजाभाऊंचा, ‘चिकूच्या तोडणीला येऊन जा रे’ असा फोन आला, की तो दरवर्षी गंभीरपणे सांगे, “बाबा, सुट्टी शिल्लक नाही.” यात खोटं काही नसे. ती त्याने आधीच कुठेतरी उडवलेली असे.

२००६च्या सप्टेंबरात त्याने आणि बायकोने, ऊर्मिलाने, बोडनसे तलावाकाठी ‘बागेतलं साहस’ नावाची सहल घेतली. सकाळी सफरचंदं तोडायची, दुपारी होडी वल्हवायची, संध्याकाळी डोंगर चढायचा. या मजुरीचे पैसे अर्थातच मजुरांनी मालकाला द्यायचे होते.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. बाकीचे पाहुणे एकेका सफरचंदाबरोबर फोटो काढत होते आणि शार्दूलचा हात मात्र सुटला होता. फळ तळव्यात घ्यायचं, जरा उचलून मुरगाळायचं, देठासकट अलगद क्रेटमध्ये ठेवायचं. लहानपणी अंगात मुरलेलं ते, आठवावं थोडंच लागतं! बघता बघता क्रेट भरले. व्यवस्थापिका फ्राऊ फोगेल धावतच आल्या.

“मिस्टर सावे, तुम्ही चक्क काम करताय!”

“हो. त्यासाठीच आलोय ना?”

“नाही, नाही! तुम्ही आनंद घ्यायला आलाय. इतक्या वेगाने तोडलंत तर ती मजुरी होते. मजुरी म्हटली की विश्रांतीचा भंग. मग मला तुमच्या कंपनीला कळवावं लागेल.”

शार्दूलला घाम फुटला. तोही फ्राऊ फोगेलना आक्षेपार्ह वाटला. त्यांनी त्याला ताबडतोब नवशिक्यांच्या झाडावर बसवलं. तिथे प्रत्येक फळ तोडण्याआधी त्याच्याकडे प्रेमाने बघून एक सुस्कारा टाकायचा होता. शार्दूलने दोन टाकले. दुसरा पसंत पडला.

“तुमच्या घरी बाग तर नाही ना?” त्यांनी संशयाने विचारलं. “बागवाल्यांना आम्ही घेत नाही. वातावरण बिघडतं.”

“छे छे! वडील व्यापारी आहेत.”

“काय रे हे शार्दूल!” खालून ऊर्मिला मराठीत म्हणाली. “बाबांनी ऐकलं असतं तर?”

“ते कुठे इथे आहेत?” असं तो म्हणतोय तोच खिशातला मोबाइल वाजला.

“शार्दूल,” राजाभाऊ म्हणाले, “ओटीवर गिऱ्हाईक बसलंय. माझ्या गुडघ्यांना आता शिडी झेपत नाही. यंदा तू तोडणीला येणार असशील तर चिकूची वाडी विकत नाही. तेवढंच सांग.”

‘येतो’ हा शब्द अगदी ओठांवर आला. पण वर्षाची उरलीसुरली सुट्टी तर याच फांदीवर खर्ची पडत होती. शिवाय खाली फ्राऊ फोगेल बोट उगारून उभ्या होत्या. फोनमुळे आनंदात खंड पडत होता.

“बाबा, सुट्टी शिल्लक नाही.”

पलीकडे राजाभाऊंनी आवाज खाली आणला.

“बरं. मग देऊन टाकतो. माणूस चांगला आहे, फक्त जरा खुळा वाटतो. म्हणतो, झाडं ठेवणार, शहरातल्या लोकांना चिकू तोडायला बोलावणार आणि वर पैसेही त्यांच्याकडूनच घेणार! मी म्हटलं, अहो, पोटचं पोर येत नाही, परकी माणसं कशाला येतील?”

“येतील, बाबा,” शार्दूल म्हणाला आणि सुस्कारा टाकला. फ्राऊ फोगेलनी खालून टाळ्या वाजवल्या.

वाडी आता छान चालते. आडवं झोपून चिकू तोडायचीही सोय आहे. पाहुण्यांनी भरभर तोडून आनंद बिघडवू नये म्हणून देखरेखीला राजाभाऊंनाच ठेवलंय. येत्या मोसमासाठी नावं घेणं सुरू आहे. तुमचंही घेऊ ना? अट एकच आहे. गावी तुमची स्वतःची बाग असली, तर वाडीवर तसं बोलू नका.