मास्तरांच्या खड्ड्याचं फिटिंग

माणूस मला फसवू शकतो. भाजीवाला तर रोज फसवतो. पण माती? माती मला फसवू शकत नाही! डोळे बांधा आणि ओल्या मातीचा गोळा हातावर ठेवा. अंगठ्याने दाबून मी त्याची पट्टी काढीन आणि ती किती लांबून तुटते त्यावरून सांगीन, चिकणमाती किती आणि वाळू किती. अडलंच तर चिमूटभर दाताखाली धरीन. आमच्या मृदा सर्वेक्षण कार्यालयात याला परीक्षण म्हणतात. घरी बायको याला सरळ माती खाणं म्हणते.

माझे सासरे शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पाण्याची टाकी पुरायला त्यांनी परसात खड्डा खणून घेतला आणि मी सहज डोकावलो. वर तांबडी, मधे करडी, खाली पिवळ्या ठिपक्यांची निळसर! अशी माती आमच्या यादीत कुठेच नव्हती. मी टाकीचं काम थांबवलं. खड्ड्याचं असं आहे, की तो कीर्तनासारखा उलगडतो. वरचा थर म्हणजे पूर्वरंग, खरी कथा खालीच! वरवर पाहून उठून जाणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

"पण नाव कोण ठेवतं हो मातीचं?" मास्तरांनी विचारलं.

"पत्त्यासारखं असतं, मास्तर. आधी मोठा गण, मग उपगण, मग कूळ, असं करत करत घरापर्यंत यायचं. आणि अगदी शेवटचं नाव, ती पहिल्यांदा जिथे नोंदली त्या जागेचं."

शिलाई मशीन थांबलं. "म्हणजे आमच्या गल्लीचं?"

"समितीने मान्य केलं तर."

मास्तरांची गल्ली इतकी बारीक, की नवा पोस्टमन तीनदा विचारल्याशिवाय पोचत नाही. तिचं नाव शास्त्राच्या पुस्तकात छापून येणार! मास्तरांनी हातातला झंपर तसाच ठेवला आणि गल्लीभर सांगून आले. दुसऱ्या दिवशी दूधवाला मला म्हणाला, "साहेब, आमची माती पास करा हं!"

समिती म्हणजे दोघं. एक आमच्या मॅडम. दुसरे बाटलीवाले सर. गैरसमज नको, त्यांच्या बाटलीत आम्ल असतं. मातीवर थेंब टाकायचा, फसफसली तर चुना आहे.

मी मास्तरांना बजावलं होतं, "खड्ड्यात उतरू नका, कडा ढासळेल." बाकी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

समिती आली. मी खड्ड्यावरचं ताडपत्रीचं झाकण काढलं आणि स्वतःवरच खूश झालो. थर कसे रेखीव! आठवणीतल्यापेक्षा खड्डा कितीतरी देखणा दिसत होता. मनात म्हटलं, माती ओळखायला नजर लागते ती अशी.

मॅडम उतरल्या आणि भिंतीजवळ वाकल्या. "सर, ही सीमा बघा. दोन थरांमधली रेषा इतकी सरळ?"

"पट्टीने ओढल्यासारखी!" सर म्हणाले.

"आणि मुळं! वरच्या थरात आहेत, पण सगळी एका पातळीला थांबलीयत."

"खाली अभेद्य थर असणार!" मी ठोकून दिलं. "मुळांना शिरताच येत नाही."

सरांनी बाटली काढली. तांबड्या थरावर थेंब: काही नाही. करड्यावर थेंब: काही नाही. मधल्या रेषेवर थेंब, आणि फस्स्स!

"चुना! फक्त सीमेवर!" सरांचा आवाज चिरकला. "वर नाही, खाली नाही! मॅडम, असं मी जन्मात पाहिलं नाही!"

"इथे पूर्वी तळं असावं," मी म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं. "तळं आटलं, चुना बसला. माझी खात्री आहे."

नाव वाढत चाललं. आधी नुसतं करडी चिकण, मग चुनखडीयुक्त, मग मूळरोधक. लग्नपत्रिकेतल्या आजोबांसारखं ते मागे मागे लांबत गेलं, आणि शेवटी मास्तरांची गल्ली! मॅडम तर बाहेरच्या तज्ज्ञांना फोन लावायला निघाल्या.

तेवढ्यात मास्तर आले. हातात पाण्याचा ट्रे, गळ्यात टेप.

"काय मॅडम, बसलं का नीट?"

"काय बसलं?"

"फिटिंग हो! तुम्ही मोठी माणसं येणार, आणि भिंती कशा? थर वरखाली, जागोजागी दोरे लोंबतायत. मी म्हटलं, असा माल गिऱ्हाइकासमोर ठेवायचा नाही."

मी पुढे सरसावलो. "मास्तर, कुठले दोरे?"

"ती बारीक मुळं. कैचीने एका रेषेत साफ केली. मग खडूने मार्किंग केलं, लाल कमी होती तिथे लाल लावली, करडी कमी तिथे करडी. ठिगळ ओळखू येतंय का सांगा! खडूही ब्रशने झटकला. खड्ड्यात पाय नाही ठेवला हं जावईबापू, तुम्ही सांगितलं होतं. शिडीवरून केलं सगळं."

सरांनी बाटलीचं बूच लावलं.

"एखादी भिंत सोडली असेल ना?" मॅडमनी आशेने विचारलं.

"छे! तीन बाजू शिवायच्या आणि चौथी उसवलेली ठेवायची?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं तळं बाकी छान होतं." मग मास्तरांना म्हणाल्या, "आमच्याकडे माणसाने घडवलेल्या मातीचाही एक वर्ग असतो. सध्या ही त्यातच बसेल."

"म्हणजे माझ्या हातची!" मास्तरांचा चेहरा उजळला. "आणि गल्लीचं नाव?"

"त्यासाठी हात न लागलेली माती हवी, काका."

परसात बाकी सगळीकडे फरशी. ती फोडायला सासूबाईंनी साफ नकार दिला. शेवटी कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या बागेत नवा खड्डा घेतला. थर तेच, रंग तेच, ठिपकेही तेच. माती खरोखरच नवी निघाली! समितीने मान्य केली. फक्त शेजाऱ्यांचं दार पलीकडच्या गल्लीत उघडतं. पुस्तकात नाव त्या गल्लीचं गेलं.

ही बातमी मी मास्तरांना घाबरत घाबरत सांगितली. ते चष्मा लावून पलीकडे गेले. खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उकिडवे बसले. मी मागे उभा.

"माल आमच्याइतकाच चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण शिलाई एकदम कच्ची! कोणी केलंय हे काम?"

मी पलीकडच्या झाडांकडे बघत राहिलो. खड्डा मीच खणला होता.