सीटला शिवलेला नवरदेव

"रोलबार? रोलबार घाबरटांना लागतो! माणूस सीटला कचकून बांधला की विषय संपला. आणि बांधण्यात आपला हात धरणारा अख्ख्या थेरगावात कुणी नाय!"

शहेबाजनं हे मान वर न करता सांगितलं, कारण समोर शिलाई मशीन चालू होतं. पोरगं अठरा वर्षांचं. दहावीत गणिताच्या सरांनी "उभा राहा" म्हणलं, हा उभा राहिला आणि तसाच चालत वर्गाबाहेर गेला, तो अजून परत आलेला नाही. तेव्हापासून डांगे चौकाजवळ मीरासाहेबमामूच्या सीट कव्हरच्या दुकानात. एका जागी दहा मिनिटं बसवत नाही, आणि काम मिळालं ते बसून शिवायचं! डोकं रोज दुपारी बाराच्या पत्र्यासारखं तापलेलं.

पण सध्या पोरगं जरा वळणावर होतं. मामूनं शेजारचा गाळा घेतला होता आणि सरळ सांगितलं होतं, "एक काम एकट्यानं कर. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. गिऱ्हाइकाची एक तक्रार आली नाही, तर गाळा तुझा. आली, तर म्हातारा होईस्तोवर माझ्याशेजारी कव्हरच्या कडेची पायपिन शिव."

आणि नेमका ज्ञानेश आला.

ज्ञानेश चाकणच्या पलीकडच्या वाडीतला. घरी कांदा-बटाटा, हा कंपनीत शिफ्टला. त्याच्याकडं काकाची जुनी छोटी गाडी, जिचा जन्म डेअरीचे कॅन वाहण्यात गेला. रविवारी एका मैदानात प्लास्टिकचे कोन मांडून त्यांच्यामधून गाडी पळवायची शर्यत होती, म्हणून पठ्ठ्यानं ऑनलाइन लालभडक रेसिंग हार्नेस मागवलेला. दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, मधे पोटावर तव्याएवढं गोल बकल. पिरगाळलं की चारी पट्टे एकदम सुटणार!

"सीटच्या मागं फ्लोअरला दोन भोकं पाडतो, बोल्ट मारतो, चहा गार व्हायच्या आत गाडी तयार!" शहेबाज उठलासुद्धा.

"कुणाच्या पाठीला भोकं पाडतोस?" मामूनं चष्मा कपाळावर सरकवला. "पट्टा खांद्यावरून खाली जमिनीकडं गेला, की धडकेत माणसाला खाली दाबतो. मणके घडीच्या खुर्चीसारखे मिटतील याचे! पट्टा जमेल तितका सरळ मागं गेला पाहिजे. मागच्या सीटच्या बेल्टचे बोल्ट कंपनीनंच दिलेत, तिथं अडकव."

"हां हां."

"आणि कंपनीचा बेल्ट काढायचा नाही. रस्त्यावर तोच लावायचा. या गाडीला रोलबार, म्हणजे टपाला आतून धरणारी लोखंडी चौकट, नाही. उलटली, टप खाली आला, तर हे चार पट्टे पोराला मानसुद्धा खाली घालू देणार नाहीत. हे फक्त मैदानात, तेही तिथल्या लोकांनी हो म्हणलं तर. कळलं?"

"कळलं मामू! झालं, का अजून आहे?"

मामूनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, उसासा टाकला, आणि तासाभरानं पान्यांची पिशवी उचलून चिंचवड स्टेशनला माल उतरवून घ्यायला गेला.

आता खरं सांगायचं, तर शहेबाजनं सगळं मामू म्हणला तसंच केलं! एक भोक पाडलं नाही. पट्टे मागच्या बोल्टांना अडकवले, कंपनीचा बेल्ट जागेवर ठेवला, चारदा ओढून बघितलं. मामू निघायच्या आधी बोल्ट त्याच्याच पान्यानं आवळून घेतले होते, तेही कसे, तर हत्ती लोंबकळला तरी हलणार नाहीत असे. काम एक नंबर!

मग त्याला टोकं दिसली.

हार्नेसच्या प्रत्येक पट्ट्याला घट्ट-ढिलं करायचं एक टोक लोंबतं राहतं. चार पट्टे, चार शेपट्या! सीट कव्हरवाल्याला लोंबतं टोक दिसलं की हात शिवशिवतात. धागा दिसला की कापायचा, कडा दिसली की दुमडायची, हेच तर मामूनं शिकवलेलं.

"ज्ञान्या, बस आत. माप घेतो."

"कसलं माप?"

"अरे, बस ना!"

ज्ञानेश शिफ्टवरून थेट आलेला, पण अंगात नवा कोरा पांढरा सदरा. तो बसला. शहेबाजनं पट्टे घट्ट ओढले, खूण केली, त्याला उठवलं, मशीन गाडीच्या दाराशी ओढलं, आणि चारी टोकं दुमडून नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई मारली. धडधडधड!

"आता ना सैल होणार, ना घट्ट. तुझ्या मापाचा शर्ट समज! बस परत, फोटो काढतो."

ज्ञानेश बसला. बकल लागलं. खट्! असा आवाज, की शहेबाजच्या अंगावर काटा आला. आता गाळा पक्का!

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून आधी काठी, मग पागोटं, मग ज्ञानेशचे आजोबा धर्माजी उतरले. मागून हातात भरलेली पिशवी घेऊन आजी गवराबाई.

"हे कसे काय आले?" शहेबाजनं विचारलं.

ज्ञानेश लाजला. "भावा, सांगायचं राहिलं. आज माझी सुपारी फुटायचीय. रावेतला. इथनंच जायचंय."

"आज? आणि सकाळपासनं मला कोन, मैदान, टायमिंग सांगतोय!"

धर्माजींनी खिडकीतून नातवाकडं बघितलं. त्यांनी जन्मभर शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळवलेले. "आरं, बैलालासुदीक आमी एवढं जखडत न्हाई."

"शर्यतीचं हाय आबा," ज्ञानेश म्हणला.

"शर्यतीचं?" गवराबाईनं लगेच पिशवी उघडली. "आन् तसंच बसलास व्हय? नवी वस्तू हाय, पुजल्याबिगर न्हाई जायचं!"

शहेबाज काय म्हणाला असेल? गिऱ्हाइकाची तक्रार नको ना! "करा आजी, करा! दणक्यात करा!"

आजीनं बकलाला हळद लावली, कुंकू लावलं, ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठभरून वाहिल्या, नातवाला ओवाळलं आणि दही-साखरेचा चमचा त्याच्या तोंडाला लावला. ज्ञानेशला मान पुढं करता येईना, चमचा पोचेना. अर्धं दही तोंडात, अर्धं सरळ बकलात.

"उतर आता," शहेबाज म्हणला.

ज्ञानेशनं बकल पिरगाळलं. हललं नाही. शहेबाजनं पिरगाळलं. आतून कर्र असा जात्यासारखा आवाज आला आणि तेही बंद झालं. तांदूळ, दही, साखर, कुंकू... बकलाच्या पोटात प्रसादाचा गोळा!

"ढिलं कर पट्टे," ज्ञानेश म्हणला.

शहेबाज शिलाईकडं बघत राहिला. दुहेरी. नायलॉन. उसवायची तर तास जाणार.

"शहेबाज, ढिलं कर ना!"

"शर्ट कुठं ढिला करता येतो?" असं तो इतक्या बारीक आवाजात म्हणला की त्यालाच ऐकू आलं नाही.

मागचे बोल्ट खोलावेत, तर त्याला चांदणीच्या आकाराचा पाना लागतो, तो मामूच्या पिशवीत. शहेबाजनं कात्री उचलली, तर तिघं एकदम ओरडले!

"कापलेला पट्टा मैदानात चालत नाही!" ज्ञानेश.

"हळदीकुंकू लागलंय त्याला! शुभकामाच्या दिवशी कात्री लावतोस?" गवराबाई.

"पावणं वाट बघत्यात!" धर्माजी.

कात्री तर शहेबाजलाही नकोच होती. कापलेला पट्टा म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे पायपिन! त्यानं मामूला फोन लावला. "मामू, तो चांदणीचा पाना घेऊन जरा रावेतला या. नाही नाही, सगळं झकास आहे! तुम्ही फक्त या."

आणि निघाली वरात. स्टिअरिंगवर नवरदेव चार पट्ट्यांत, मामूचा शब्द राहावा म्हणून वरून कंपनीचा बेल्टही लावलेला. पुढं धर्माजी. मागं गवराबाई. तिच्या शेजारी, बरोबर ज्ञानेशच्या पाठीमागं, शहेबाज. कानाच्या दोन्ही बाजूंनी दोन लाल पट्टे, मधून त्याचं तोंड बाहेर. आजीला ते पट्टे दोरीसारखे दिसले, तिनं ओटीच्या सामानाची पिशवी त्यावरच अडकवली. प्रत्येक ब्रेकला नारळ येऊन शहेबाजच्या नाकावर बसायचा. टप्प!

"आजी, पिशवी काढा ना!"

"असू दे रं, गाडी नवी न्हाई तर काय झालं, सोय लई केलीस तू!"

रावेतच्या सोसायटीत सगळे पार्किंगमधे स्वागताला उभे. मुलीचे वडील ज्योतीराम पुढं आले. धर्माजी उतरले, गवराबाई उतरल्या, शहेबाज नाक चोळत उतरला. नवरदेव उतरेना! काचेतून नुसता हसतोय आणि हात जोडतोय.

"या ना, जावईबापू," ज्योतीराम म्हणाले.

"बसतो जरा," ज्ञानेश म्हणला.

"गाडीत?"

"हवेशीर आहे."

मागं बायकांत कुजबुज सुरू झाली. "रुसला वाटतं!" "आत्तापासनं? अजून सुपारी फुटली नाय!" "मोठी गाडी पाहिजे असेल. म्हणून तर ही जुनी घेऊन आलाय, दाखवायला!"

ज्योतीरामांचा चेहरा उतरला. "धर्माजीआबा, देण्याघेण्याचं काही बोलणं नव्हतं आपलं."

"अवो न्हाई, तसं काय न्हाई! त्यो बांध..."

'बांधलाय' म्हणजे कुणी बांधला, कुणी म्हणजे कुठलं दुकान! शहेबाजचं डोकं तापलं आणि तोंड सुटलं. "पायाला मुंग्या आल्यात त्याच्या!"

"मुंग्या? मग थोडं चाला, जातील," ज्योतीराम म्हणाले.

"नाय, नेहमीच्या आहेत!"

सगळं पार्किंग काचेतून नवरदेवाचे पाय शोधायला लागलं. नेहमीच्या! शहेबाजला बोलल्यावर कळलं, पण तोंडाला कुठं रिव्हर्स गिअर असतो?

"पोराच्या पायात खोट आहे?" मावशी का आत्या कुणीतरी किंचाळली. "आणि आम्हाला सांगितलं नाही?"

"खोट नाही हो! धडधाकट आहे, गाड्या पळवतो!" शहेबाज ओरडला. "फक्त उतरत नाही!"

"म्हंजे गाडी पळवतो तेव्हाही उतरत नाही?"

"अहो, पळवताना कोण उतरतं?"

आत ज्ञानेश घामानं भिजलेला. पांढऱ्या सदऱ्यावर पोटाशी कुंकू ओघळून लालभडक डाग. एका काकूंनी तो बघितला आणि "अगं बाई, रक्त!" म्हणून खालीच बसल्या. वरच्या गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी व्हिडिओ काढायला लागलं. ज्योतीराम धर्माजींना हात जोडून म्हणाले, "राग मानू नका, पण आपण आजचं थांबवू या."

ज्ञानेशनं आरशातून शहेबाजकडं बघितलं. ते बघणं मामूच्या शिव्यांपेक्षा वाईट होतं. पोराचं लग्न मोडत होतं, आणि ते टिकवायला शहेबाजकडं एकच वाक्य होतं.

"मी शिवलाय त्याला!" तो इतक्या जोरात ओरडला की वरचा कुत्रा भुंकायला लागला. "माझी चूक आहे! टोकं लोंबत होती म्हणून शिवली. बकलात आजीच्या अक्षता गेल्यात. तो रुसला नाय, लंगडा नाय, मेला नाय! तो अडकलाय!"

तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी पुढं आली. जरीचं काठापदराचं लुगडं, नाकात नथ, आणि डोळ्यांत असला वैताग, की धर्माजीसुद्धा बाजूला सरले. सोनल. नवरीमुलगी.

तिनं दार उघडलं. पट्ट्यांकडं बघितलं, बकलाकडं बघितलं, ज्ञानेशकडं सगळ्यात शेवटी बघितलं. मग वाकून कंपनीचा बेल्ट सोडला, सीटखालचा दांडा ओढला आणि सीट धाडकन मागं ढकलली. बाजूचा खटका उचलला, आणि नवरदेव पाठीवर आडवा! खांद्यावरचे पट्टे ढिले पडून लोंबायला लागले.

"निघा आता वरून," ती म्हणाली.

ज्ञानेश शेंगेतनं दाणा निघावा तसा सरकत, वळवळत, एक चप्पल आत ठेवून बाहेर आला! आणि पाय शाबूत असल्याचं दाखवायला त्यानं पार्किंगला पळत दोन फेऱ्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्योतीरामांनी तिथंच, गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून सुपारी फोडायला घेतली, न जाणो परत कुठं अडकला तर!

आणि त्या टाळ्यांमधे मामू स्कूटरवरून आला. हातात चांदणीचा पाना. त्यानं गाडीत डोकं घातलं. मागचे बोल्ट बघून मान डोलावली. मग शिलाई बघितली. बराच वेळ बघितली.

"शिलाई सरळ आहे," तो म्हणाला.

 बोलण्यासारखं शहेबाजनं सगळं आधीच ओरडून टाकलं होतं. गाळा गेला, एवढं कळत होतं. नाक दुखत होतं.

इतक्यात दुसऱ्या मजल्यावरची एक बाई धावत खाली आली. कडेवर चार वर्षांचं पोर, ते तिचे केस ओढतंय. "दादा, हे तुम्ही बसवलं? लहान मुलांच्या सीटचं पण करता का? आमचा दिग्विजय गाडीत एक सेकंद बसत नाही! असंच पाहिजे, घट्ट!" तिच्यामागं अजून दोघी, त्यांच्या कडेवर अजून दोन दिग्विजय.

मामूनं बायकांकडं बघितलं, मग भाच्याकडं. "करतो की," तो म्हणाला. "शेजारच्या गाळ्यात. हा बघेल."

शहेबाज उडालाच! रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मामूनं बाजारातून सुरक्षेचा शिक्का असलेल्या, लहान मुलांच्या सीटा आणल्या, पट्ट्यांवर अस्वलं आणि ससे. शहेबाजनं शिवशिवणारा हात आवरत पहिली बसवली, मामूसमोर, एकही टाका न घालता. दिग्विजयला बसवलं, बेल्ट लावला, ओढून बघितलं. काम एक नंबर!

दिग्विजयनं मधलं लाल बटण दाबलं. टक्. तो उतरला आणि मांजरामागं पळाला.

"अहो, हे तर उघडतंय!" त्याची आई मामूकडं वळून म्हणाली. "माझी तक्रार आहे!"