हलवून बघणारे भाऊजी

आमच्या शेजारचे सावंत भाऊजी कुठल्याही खुर्चीवर ती हलवल्याशिवाय बसत नाहीत. घरातली असो, लग्नाच्या हॉलमधली असो, नाहीतर दाताच्या डॉक्टरकडची. आधी दोन्ही हातांनी पाठ धरून "हलवून बघू" म्हणतात आणि मग टेकतात. मुलासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा त्या लोकांचं टीपॉय यांनी असं हलवलं की कपातला चहा बशीत आला. मुलगी खुदकन हसली आणि मुलाने तिथेच होकार दिला, म्हणून बरं!

भाऊजी मूळचे देवगडचे. नोकरी आखातात, डोंगरापलीकडच्या फुजैराला, तेलाच्या टाक्यांवर सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत आणि शुक्रवारी संध्याकाळी शारजाला घरी. मी समोरच्याच दारात राहते, मोदक-पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझा कुकरही त्यांच्या तपासणीतून सुटत नाही. गणपतीत आम्ही सगळे आरतीला उभे, तर हे मखरामागे वाकून बल्बची वायर बघतायत.

"अहो भाऊजी, बाप्पा खोळंबलाय!"

"आणि बाप्पालाच शॉक बसला तर?"

घाला वाद या माणसाशी! शिवाय दरवर्षी शिमग्याच्या आदल्या दिवशी हे मधल्या वारीच रजा टाकून घरी हजर. हातात मोगऱ्याचा गजरा. आम्ही बायका हसायचो, आले बघा होळीची आग तपासायला!

अशा माणसाच्या बायकोने कुठला नाद लावून घ्यावा? तर स्कीचा. मुलगा-सून कॅनडात. त्यांनी थंडीत या म्हटलं, तशी सुमनताई म्हणाल्या, "तिकडे जाऊन आपटण्यापेक्षा इथेच शिकते." दुबईच्या मॉलमध्ये काचेआड बर्फाचा डोंगर केलाय, तिथे त्यांनी क्लास लावला. बाहेर अंग भाजतंय आणि आमच्या सुमनताई आत स्वेटर घालून घसरतायत. बघता बघता झोकात वळणं घ्यायला लागल्या. इकडे भाऊजींची झोप उडाली.

भाड्याचे बूट सुमनताईंच्या रुंद पावलाला चावायचे, म्हणून त्यांनी स्वतःचे नवे घेतले. पायाला लावायच्या लांब पट्ट्या, म्हणजे स्की, मात्र जुन्या, भाऊजींच्या कंपनीतला एक जर्मन साहेब कायमचा परत जाताना देऊन गेलेला. आता जुन्या स्कीवर नवे बूट नीट बसणार का, हा प्रश्न घेऊन भाऊजी थेट माझ्या स्वयंपाकघरात. माझं लाटणं म्हणे स्की आणि पुरणाची वाटी म्हणे बूट.

"हे बघा वहिनी, बूट धरायला स्कीवर पुढे-मागे दोन जबडे असतात. बाइंडिंग. त्याने बूट घट्ट धरला पाहिजे, आणि माणूस पडला की पटकन सोडलाही पाहिजे. नाही सोडला, तर स्की पायाला पिळते. गुडघा खलास!"

"माझं पुरण खलास होतंय भाऊजी, वाटी द्या."

शनिवारी दोघं नवराबायको मॉलमधल्या स्कीच्या दुकानात निघाली. मीही गेले, तमाशा कोण सोडतो! दुकानात फादी नावाचा हसरा लेबनीज कारागीर होता. त्याने नव्या बुटाचा तळ मोजला, मागचा जबडा सरकवला आणि वजन विचारलं. सुमनताईंनी मान ताठ करून एक आकडा सांगितला. भाऊजींनी पिशवीतून घरचा वजनकाटा काढला. आधी तो हलवून बघितला, मग बायकोपुढे ठेवला. तिने त्यांच्याकडे असं बघितलं, की मीच दोन पावलं मागे सरले.

मग वय. सुमनताईंनी ओळखपत्राचं कार्ड पुढे केलं. जन्मतारीख एक जून, अठ्ठेचाळीस पूर्ण. फादीने जबड्यांचे स्क्रू फिरवले आणि हात झटकले. "खलास! यल्ला मॅडम, चला, एन्जॉय!"

"थांबा," भाऊजी म्हणाले. "वय चुकलंय. हिला एक्कावन्न आहेत."

सुमनताईंचे कान लाल. "अहो! भर मॉलमध्ये?"

"धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून तुला उशिरा शाळेत घातलं. वर्गात शोभावी म्हणून गुरुजींनी वय कमी करून एक जून तारीख लावली. तूच सांगितलंस ना? पन्नाशीनंतर स्क्रू थोडा सैल ठेवतात, मी विचारून आलोय. तुझा गुडघा कार्ड बघत नाही, सुमन."

फादी म्हणाला, "सर, कार्डवर तर..."

"कार्ड गुरुजींचं आहे. हिचा जन्म शिमग्याच्या आदल्या दिवसाचा. हिच्या आईने मला लग्नात सांगितलंय."

मी तोंडावर हात ठेवला. शिमग्याच्या आदल्या दिवशी! एक जूनला आख्खी बिल्डिंग केक कापायची आणि हा माणूस मुकाट्याने टाळ्या वाजवायचा. खरा वाढदिवस तो दरवर्षी फुजैराहून डोंगर ओलांडून, गजरा घेऊन करत होता. आणि आम्ही मेल्या हसत होतो!

फादीने हसत स्क्रू सैल केले. सुमनताई स्की घेऊन फणकाऱ्याने बर्फाच्या डोंगरावर गेल्या. मी काचेबाहेर थर्मास घेऊन बसले. भाऊजी भाड्याचा कोट चढवून आत, उताराच्या पायथ्याशी, जाळी धरून उभे. आत जाताना म्हणाले, "वहिनी, ती स्वयंपाकघरात पडली होती ना, घोटा मोडला होता, तेव्हा तुम्ही होतात. मी फुजैराला होतो. ते मला अजून खातं हो."

सुमनताई वरून निघाल्या. पहिलं वळण सुरेख, दुसरंही. तिसऱ्याला कुणीतरी आडवं आलं आणि त्या धाडकन पडल्या. एक स्की पायातून सुटून घसरत खाली आली, पाठोपाठ दुसरी. भाऊजी जाळीखालून घुसून धडपडत वर धावले. मागून शिकवणारा ओरडतोय, "सर! सर!"

सुमनताई उठून बसल्या. हसत होत्या! सुटलेल्या पायांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या.

आणि भाऊजींनी बर्फात, काहीही न हलवता, फतकल मारली. तिचा बूट मांडीवर घेतला, गुडघ्याखाली हात धरला आणि पाय अगदी हळू, तान्ह्या बाळाचा वाकवावा तसा वाकवून बघितला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठ मला कळले. हलवून बघू.

गुडघा छान हलला. सुमनताईंनी त्यांच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि हात तसाच डोक्यावर राहू दिला. मी थर्मासचं झाकण उघडायला गेले तर दिसेनाच, डोळ्यांत हे पाणी! आणि मेलं माझ्या बाजूला तर थंडीही नव्हती.