त्रेसष्ट ड्राफ्ट आणि एक माफीनामा

"भाजी आणायला जातोयस ना?" रविवारी सकाळी बायकोने विचारलं.

"पाच मिनिटं," वेब डेव्हलपर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "ब्लॉग नवीन सिस्टिमवर हलवतोय."

बायकोने पिशवी स्वतःच उचलली. आठ वर्षांत हा ब्लॉग सहाव्यांदा हलत होता. भाडेकरूसुद्धा एवढी घरं बदलत नाहीत. प्रत्येक वेळी नवा रंग, नवा फॉन्ट आणि पहिला लेख ठरलेला: 'मी माझा ब्लॉग नव्याने कसा बांधला'.

तसं ब्लॉग ठेवायला कारण होतं. एकदा एका वेबसाइटचा फॉर्म काही केल्या चालेना. दिवसभर डोकं आपटल्यावर इंटरनेटवर कुणाचा तरी लेख सापडला. अडचण तीच, उपाय नेमका. "काय माणूस आहे!" म्हणत आभार मानायला त्याने लेखकाचं नाव पाहिलं, तर ते त्याचंच निघालं. तेव्हापासून त्याने नेम केला, दिवसभरात जे अडलं आणि सुटलं ते लिहून ठेवायचं. जे सुटलं नाही, आणि ज्या माणसांनी अडवलं, तेही लिहायचं. पण ते ड्राफ्टमध्ये. मनातली मळमळ बाहेर पडायची, कुणाला पत्ता लागायचा नाही आणि सोमवारी हा हसतमुखाने मीटिंगला हजर.

जुन्या सिस्टिममध्ये अशा प्रत्येक ड्राफ्टवर 'अप्रकाशित' अशी खूण होती. नव्या सिस्टिमला ती खूण कळत नव्हती. तिने सरळ मनाने सगळं छापून टाकलं. त्रेसष्ट ड्राफ्ट. वर नवीन लेख आला की वर्गणीदारांना ईमेल जाते, ही सोय त्यानेच मोठ्या हौसेने केली होती. वर्गणीदार किती, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. असून असून कोण असणार? तर होते एकोणीस.

पहिला फोन सासऱ्यांचा आला.

"जावईबापू, 'सासऱ्यांचा प्रिंटर' वाचतोय."

वेब डेव्हलपर खुर्चीतून उठून उभा राहिला. "बाबा, तुम्ही माझा ब्लॉग वाचता?"

"तुमचं लग्न ठरलं तेव्हापासून. मुलगी द्यायची म्हणजे चौकशी नको करायला? आजवर समजलं काही नाही, पण वाचलं सगळं. आज पहिल्यांदाच समजतंय. भाग एक ते नऊ आहेत ना? त्यात सातवा आला नाही."

"सातवा... लिहायचा राहिला, बाबा."

"सातव्यांदा प्रिंटर दुरुस्त करायला आलात, तेव्हा तुम्ही माझ्या नव्या शर्टावर शाई सांडली होती. राहणारच." फोन बंद झाला.

त्याने घाईघाईने उपाय शोधला. त्रेसष्ट ड्राफ्टवर पुन्हा एकदा ठळक 'अप्रकाशित' लिहिलं आणि सिस्टिम चालवली. सिस्टिमने तो शब्द शीर्षकातच जोडला, लेखात सुधारणा झाली असं मानलं आणि एकोणीस जणांना पुन्हा त्रेसष्ट ईमेल पाठवल्या. पहिल्या खेपेला ज्यांनी कंटाळून उघडल्या नव्हत्या, त्यांनीही आता उघडल्या. 'अप्रकाशित' म्हटल्यावर कोण सोडतो?

लगेच ऑफिसातल्या वरिष्ठ मॅडमचा मेसेज आला. "'थोडासाच बदल: एका मॅडमची कहाणी.' कोण या मॅडम?"

"काल्पनिक आहेत," त्याने लिहिलं.

"काल्पनिक मॅडम आपल्याच तिसऱ्या मजल्यावर बसतात?"

तेवढ्यात फोन वाजू लागला. दातांच्या डॉक्टरांचा. ऑफिसकडे आलेली त्यांच्या दवाखान्याची वेबसाइट सध्या त्याच्याच गळ्यात होती आणि त्यांच्यावरच्या ड्राफ्टचं नाव होतं, 'यांचंच तोंड कुणीतरी बधिर करा'. त्याने फोन उशीखाली ठेवला. तो उशीखालीही चार वेळा वाजला.

बायको भाजी घेऊन परतली. तिने सगळं ऐकून घेतलं. "डोकं चालवू नकोस आता. सरळ माफी माग."

सल्ला शहाणपणाचा होता. तो माफीनामा लिहायला बसला. दोन ओळी झाल्या, पुढचा शब्द सापडेना, म्हणून त्याने तेवढं सेव्ह केलं. नव्या सिस्टिमला सेव्ह आणि प्रकाशित यांत फरक ठाऊक नव्हता. एकोणीस जणांना मजकूर गेला तो असा: "सर्वांची मनापासून क्षमा मागतो. तसं लिहिलेलं सगळं खरंच आहे, पण (इथे काहीतरी गोड घालायचं)".

वेब डेव्हलपरने उठून राउटरचं बटण बंद केलं.

"साइट इथून चालते?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग?"

"काहीतरी केल्यासारखं वाटतं."

सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. समोर दातांचे डॉक्टर बसले होते.

"फोन का उचलत नाही हो तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "वाचलं मी. दोनदा वाचलं, दोनदा आलं म्हणून. मला असंच एक करून द्या."

"काय?"

"ब्लॉग! वीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतोय. हात तोंडात असतो तोवर त्यांना बोलता येत नाही, काढला की ते मला बोलू देत नाहीत. इंटरनेटवर वाचून येतात आणि मलाच दाढ शिकवतात. किती साठलंय माझ्या पोटात, सांगू?"

त्याने घाबरत घाबरत मॅडमकडे पाहिलं.

"माझ्यावरचं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शेवट जरा लांबलाय. थोडासाच बदला."

नोकरी वाचली. पण आठवड्याभरात वर्गणीदार एकोणीसचे दोनशे चाळीस झाले. सासऱ्यांनी आपल्या सगळ्या निवृत्त मित्रांना सामील करून घेतलं होतं. रस्त्यात भेटणारे विचारू लागले, "नवीन काही?" तो लिहायला बसला की दोनशे चाळीस माणसं खांद्यावरून डोकावताहेत असं वाटायचं. 'आज' असं लिहायचा आणि खोडायचा. दहा दिवसांत एक वाक्य झालं नाही, आणि ऑफिसात मात्र रोज नवं काहीतरी अडत होतं आणि आतल्या आत साठत होतं.

शेवटी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. ना सिस्टिम, ना ईमेल. सकाळी चहाबरोबर पान-दोन पान भरभरून लिहायचं आणि वही कपाटात स्वेटरांखाली ठेवून द्यायची. किती वर्षांनी त्याला असं मोकळं वाटत होतं! मेव्हण्यावर तर त्याने सलग चार पानं लिहिली.

तिसऱ्या आठवड्यात एक जुना उपाय शोधायला त्याने वही उघडली. कालच्या मजकुराखाली पेन्सिलने, बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, "माझ्या भावाबद्दलचं पटलं. पण पानांना नंबर टाक. काल कुठपर्यंत वाचलं होतं, ते रोज शोधावं लागतं."

वेब डेव्हलपरने कपाळावर हात मारला. मग पेन घेतलं आणि पहिल्या पानापासून नंबर टाकायला बसला.