उंबराच्या तळखोलीतलं स्टूल

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कसं, असं मध्येच विचारू नका. चार झाडं असली, भोवती कुंपण असलं आणि आत शिरताना कोणी अडवलं, की विद्यापीठ तयार होतं. या गोष्टीत एक कासव आहे. ससा नाही. त्याची वाट बघत बसू नका.

कासवाचं आडनाव ढाले. तो लांबच्या एका तळ्यातून शिकायला आला होता. कासवांमध्ये पद्धत अशी, की आई वाळूत अंडी पुरते आणि निघून जाते. रागाने नाही जात, रीतच तशी आहे. त्यामुळे ढालेला लहानपणी कोणी धपाटा घातला नव्हता, आणि ‘जेवलास का?’ हा प्रश्न त्याने फक्त दुसऱ्यांच्या दारावरून जाताना ऐकला होता. पाठीवर घर होतं, तेही चांगलं दणकट. पण त्यात जागा एकाचीच.

म्हणून तो विद्यापीठात आला. त्याला वनस्पतिशास्त्राची फार ओढ होती असं नाही. त्याला कोणाबरोबर तरी राहायचं होतं.

आता त्या विद्यापीठात वसतिगृहं होती तीन. सगळ्यात नवं चंदन निवास. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र खोली, आणि दारं अशी की लावताना आवाज होत नसे. दुसरं तळ्याकाठचं वेळू निवास. देखावा सुरेख, पण संध्याकाळ झाली की बेडूक पाठांतराला बसायचे. तिसरं उंबर निवास. हे म्हणजे एक जुनं, पोखरलेलं उंबराचं झाड. फांद्यांमधून वारा शिट्ट्या मारायचा, डोक्यावर उंबरं पडायची आणि एकेका ढोलीत तिघं-तिघं कोंबलेले असायचे. माकडाला बुंध्यातली खोली मिळाली होती आणि घुशीला शेंड्यावरची, कारण खोल्या अगदी नियमाने वाटल्या होत्या.

नव्या विद्यार्थ्यांनी तिन्ही वसतिगृहं हिंडून बघायची आणि मग रेक्टरसमोर उभं राहून आपली पसंती सांगायची, अशी तिथली चाल होती. हरणांनी चंदनमधल्या खिडक्या बघितल्या. कोल्ह्यांनी मेसमध्ये रविवारी काय असतं ते विचारून घेतलं. मोरांनी कुठल्या वसतिगृहाने गॅदरिंगचा करंडक जिंकला याची चौकशी केली. ढाले मात्र प्रत्येक वसतिगृहासमोर डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहिला. चंदनमधून काहीच ऐकू आलं नाही. वेळूमधून बेडूक ऐकू आले. उंबरातून कोणीतरी कोणालातरी बादलीवरून शिव्या देत होतं, तिसरा गात होता, आणि चौथा त्याला गप्प बस म्हणून विनवत होता. ढालेचा जीव तिथेच जडला.

रेक्टर होते पांढरे सर. जातीने बगळा. रेक्टर म्हणजे वसतिगृहाचा यजमान, पण हे यजमान पाहुण्याचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकायचे. एका पायावर उभं राहून ते सगळ्यांची पसंती ऐकत होते. सगळे चंदन म्हणत होते. ढाले उंबर म्हणाला.

पांढरे सरांनी दुसरा पायही खाली टेकला. उंबर आपणहून मागणारा विद्यार्थी त्यांनी आजवर बघितला नव्हता. यात काहीतरी काळंबेरं असणार, असं त्यांना वाटलं.

“घर कुठे तुझं?” त्यांनी विचारलं.

“पाठीवर, सर.”

झालं. त्या विद्यापीठाचा एक नियम होता. ज्याचं घर हाकेच्या अंतरावर, त्याला वसतिगृह नाही. लांबून येणाऱ्या गरजूंची जागा जवळच्यांनी अडवू नये म्हणून कोणा भल्या माणसाने तो केला होता. माणसाने म्हणजे प्राण्याने. पांढरे सरांनी ढालेच्या डोक्यापासून पाठीपर्यंतचं अंतर नजरेनेच मोजलं. हाक मारायचीही गरज नव्हती.

“तुझ्याइतकं जवळ घर असलेला विद्यार्थी या विद्यापीठात दुसरा नाही,” ते म्हणाले. “तुला खोली मिळणार नाही.”

“पण सर, घरी कोणी नाही.”

“नियम घराबद्दल आहे,” पांढरे सर म्हणाले. “घरच्यांबद्दल नाही.”

ढाले तिथून निघाला तो उंबराच्या पायरीपाशी येऊन थांबला. त्याला फार वाईट वाटलं. कासवाला वाईट वाटलं की ते डोकं आणि पाय आत ओढून घेतं, आणि मग बाहेरच्यांना ते कळायला काही मार्ग उरत नाही.

उंबराच्या तळखोलीत तेव्हा दोघं राहत होते. माकड झाडे आणि साळिंदर काटे. खोलीत तिसरी जागा होती, पण तिथे वरून गळायचं. प्रत्येक खोलीला एक स्टूल मिळायचं, पण यांचं स्टूल मागच्या बॅचने थंडीत शेकोटीत घातलं होतं. गादीवर बसावं तर काटेच्या अंगच्या काट्यांनी तिचा कापूस बाहेर यायचा. म्हणून बिचारा उभ्यानेच अभ्यास करायचा. पायरीपाशी एक गुळगुळीत दगड पडलाय, असं झाडेने बघितलं आणि दोघांनी मिळून तो आत आणला. काटे त्यावर जपून बसला आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

तेवढ्यात दगडातून आवाज आला, “थोडं उजवीकडे सरकता का?”

पुढचा गोंधळ मी सांगत नाही. काटेचे काटे उभे राहिले, झाडे छताला लटकला, एवढं पुरे. मग ढालेने आपली सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून झाडे खाली उतरला आणि म्हणाला, “मग राहा की इथेच. आमचा पॅरासाइट हो.”

पॅरासाइट म्हणजे काय, हे तुम्ही अजून लहान आहात म्हणून सांगतो. वसतिगृहात नाव नसताना जो तिथेच राहतो, तिथेच आंघोळ करतो आणि दुसऱ्याचा टॉवेल वापरतो, तो पॅरासाइट. विद्यापीठांचे अर्धे विद्वान असेच तयार होतात, पण ते नंतर कोणी सांगत नाही.

ढाले राहिला. झाडे बाहेर फळं चोरायला गेला की त्याचा मेसमधला डबा ढालेला मिळायचा. जेवायचं नसेल तर मेसमध्ये आधी सांगून खाडा धरायचा असतो, पण झाडेने जन्मात कधी सांगितलं नव्हतं. काटे आणि झाडे दिवसभर भांडायचे आणि निवाडा करायला ढालेकडे यायचे. ढाले इतका सावकाश विचार करायचा, की तोवर ते भांडण विसरून दुसरं सुरू करायचे. आणि रोज वर्गातून आला की दप्तर टाकता टाकता काटे विचारायचा, “काय रे, जेवलास का?” पहिल्यांदा विचारलं तेव्हा ढाले उत्तर न देता डोकं आत घेऊन बसला होता. काटेला वाटलं, याचं पोट बिघडलंय.

पांढरे सर सकाळी फेरीला यायचे. त्यांची चाहूल लागली की ढाले आत जायचा आणि स्टूल व्हायचा. सर त्याच्यावरच बसायचे. बसून ते झाडेला आणि काटेला बाहेरच्यांना खोलीत ठेवणं किती वाईट, हे समजावून सांगायचे. उठताना नेहमी एकच प्रश्न असायचा, “या खोलीत बाहेरचं कोणी राहत नाही ना?” दोघं नाही म्हणायचे.

एकदा सरांच्या लक्षात आलं, की या स्टुलावर वसतिगृहाची खूण नाही. सामानाबाबत ते फार कडक होते. ज्या खोलीचं सामान त्या खोलीतच राहिलं पाहिजे, कुठेही नेलं तरी परत तिथेच आलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी पांढरा रंग मागवला आणि स्वतः चोचीत कुंचला धरून ढालेच्या पाठीवर ठळक अक्षरात लिहिलं, ‘उंबर, तळखोली’.

ते गेल्यावर ढाले डोकं बाहेर काढून म्हणाला, “काय लिहिलंय?”

काटेने वाचून दाखवलं.

“परत वाच,” ढाले म्हणाला.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललं की विद्यापीठात समिती येते. ही समिती वसतिगृहं तपासायला येणार होती आणि तिच्या अध्यक्षा होत्या सोंडेबाई. हत्तीणच ती. त्यांना काही पसंत पडलं नाही की त्या नुसती शिफारस करत नसत, जाता जाता टक्करही देत. पांढरे सरांची झोप उडाली. त्यांनी चंदनमध्ये एक नमुन्याची खोली राखून ठेवली होती. तिथे कोणी राहत नसे, म्हणून ती कायम स्वच्छ असे. तिथे मांडायला सरांनी तिन्ही वसतिगृहांतलं चांगलं सामान उचललं. उंबराच्या तळखोलीतलं स्टूल बसून बसून चकचकीत झालं होतं. तेही गेलं. झाडे आणि काटे हवालदिल झाले, पण बोलायची सोय नव्हती. सर त्यांना म्हणाले, “समिती गेली की परत. सामान कुठे जात नाही.”

सोंडेबाई आल्या. चंदनमधल्या एकेका दारावर त्यांनी सोंडेने ठकठक केलं. पण चंदनमध्ये दार वाजलं तरी उघडायची पद्धत नव्हती. आत विद्यार्थी होते, श्वास रोखून बसले होते. बाईंचा पारा चढला. शेवटी सरांनी त्यांना नमुन्याच्या खोलीत नेलं. मोकळी हवा, झटकलेली गादी, खिडकीत मोगरा. बाई दमल्या होत्या. त्यांनी एक पाय उचलून स्टुलावर टेकवला.

मुलांनो, हत्तीचा पाय म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. ढालेच्या अंगातून कळ गेली. पण तो ओरडला असता तर काटे आणि झाडेचं नाव विद्यापीठातून कमी झालं असतं. तो आत गप्प राहिला.

“छान आहे,” बाई म्हणाल्या. “इथे राहतं कोण?”

पांढरे सरांनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला.

“म्हणजे कोणीच राहत नाही,” बाई म्हणाल्या. “नमुना रिकामा आणि बाकीच्या खोल्यांतून ओ देत नाही कोणी. कशाला हवीत ही वसतिगृहं? बंद करा तिन्ही. ते उंबराचं खोड तर मी आज जाता जाताच पाडते.”

उंबर पाडणार हे ऐकलं आणि ढालेने डोकं बाहेर काढलं.

“मी राहतो इथे, बाई,” तो म्हणाला. “जरा पाय काढता का?”

पांढरे सरांचं सगळं पांढरं झालं. चोच पिवळी होती, तीही. हा बिनपरवाना राहतो म्हणावं तर रेक्टरकी जाते. राहत नाही म्हणावं तर वसतिगृहं जातात. रेक्टर होते, गडबडले नाहीत. म्हणाले, “हा ढाले. आमचा आदर्श विद्यार्थी.”

बाईंनी त्याला विचारलं, इथे कसं वाटतं. ढाले खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, “शांत आहे. इतकं शांत मी फक्त अंड्यात असताना ऐकलं होतं.” बाईंनी अभ्यासासाठी उत्तम वातावरण असल्याचा शेरा दिला आणि त्या दुसरीकडे पाडापाडी करायला निघून गेल्या.

अशा रीतीने ढालेला सगळ्या विद्यापीठाला हवी असलेली खोली मिळाली. त्याने सरांना परोपरीने विनवलं, की मला उंबरातच राहू द्या. सर म्हणाले, आदर्श विद्यार्थी चंदनमध्ये राहतो असं समितीला सांगून झालंय, आता त्यात बदल नाही. ते गेले. दार लागलं. आवाज झाला नाही. ढालेने मोगऱ्याकडे बघितलं, गादीकडे बघितलं आणि डोकं आत घेतलं. वर्गातून येणाऱ्यांची पावलं दारावरून गेली. कोणीही काही विचारलं नाही.

इकडे उंबराच्या तळखोलीत झाडे आणि काटे भांडले नाहीत. निवाडा करायला कोणी नाही, तर भांडून करायचं काय? शेवटी काटे उठला. दोघं थेट पांढरे सरांपुढे जाऊन उभे राहिले.

“सर,” काटे म्हणाला, “समिती गेली. आमचं स्टूल?”

“कुठलं स्टूल?” सर म्हणाले. “ते स्टूल नव्हतं, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे.”

“त्यावर खूण आहे, सर. तुमच्याच अक्षरात.”

पांढरे सर बराच वेळ एका पायावर उभे राहिले. एका बाजूला विद्यार्थ्यांचा नियम होता, दुसऱ्या बाजूला सामानाचा. विद्यार्थ्याला आयुष्यात इकडेतिकडे जाऊ देता येतं. सामानाचं तसं नसतं. त्यांनी किल्ली दिली.

दोघांनी ढालेला उचललं आणि सगळ्या चंदनवाल्यांच्या देखत वाजतगाजत उंबरात आणलं. वाजवायचं काम झाडेने केलं, ढालेच्याच पाठीवर. वाटेत काटेने विचारलं, “जेवलास का रे?” ढाले नाही म्हणाला. मग झाडेचा डबा त्याला मिळाला, आणि त्या डब्यावरून संध्याकाळी पुन्हा भांडण झालं.

तेव्हापासून विद्यार्थी ढाले चंदनमध्ये राहतो आणि स्टूल उंबरात राहतं. दोघांबद्दल कोणाची तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे सर फेरीला आले. नेहमीसारखे स्टुलावर बसले. नेहमीसारखं विचारलं, “या खोलीत बाहेरचं कोणी राहत नाही ना?”

“नाही, सर,” तिघं म्हणाले.

सर उठले. स्टुलाकडे खाली वाकून बघितलं. हत्तिणीच्या पायाने अक्षरं पुसट झाली होती.

“रंग उडालाय,” ते काटेला म्हणाले. “पुन्हा मारून घ्या.”

तात्पर्य: वसतिगृहात जागा हवी असेल तर विद्यार्थी म्हणून जाऊ नये, स्टूल म्हणून जावं. विद्यार्थ्याला सगळे विचारतात, तुझं घर कुठे. स्टुलाच्या पाठीवर ते लिहून देतात.